लीलाताई, फ्लॉपी कोरडी होती

लीलाताई, जे बायकोलाही कधी सांगितलं नाही ते आधीच लिहून टाकतो. नाहीतर माझ्या सवयीप्रमाणे इकडचं तिकडचं लिहीत बसेन आणि दिलेली पानं संपतील.

मासळी बाजाराच्या यादीचा घोळ झाला तेव्हा मी साहेबांना म्हणालो, "फ्लॉप्या ताईंच्या पिशवीत होत्या. पिशवीत जवळा होता. ओल लागली असणार." ते मी खोटं बोललो. फ्लॉप्यांना काहीही झालं नव्हतं. चूक माझी होती, आणि तोंडातून ते वाक्य बाहेर पडत असताना ती चूक नेमकी कुठल्या ओळीत आहे हेही मला समजलेलं होतं.

त्याला चार वर्षं झाली. तेवढ्या काळात आपण समोरासमोर बसून किती चहा प्यायलो, त्याची गणती नाही. एकदाही हा विषय मी काढला नाही.

परवा साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. आपल्या कॉम्प्युटर सेंटरला दहा वर्षं होतायत, स्मरणिका निघणार आहे. म्हणाले, "जगताप, लीलाताईंवर तुम्हीच लिहा. जन्म, शिक्षण, सगळं मी टाकतो. तुम्ही शेजारी बसायचात, तुम्ही आठवणी लिहा." मी मान हलवली. हा कागद सगळ्यांत आधी साहेबच वाचतील. वाचू देत.

मी सेंटरमध्ये आलो तेव्हा बेचाळीस वर्षांचा होतो. रबाळ्याच्या कारखान्यात स्टोअरची कार्डं भरण्यात बारा वर्षं गेली आणि एक दिवस गेटला टाळं लागलं. नेरूळला घर नवीन, मुलगी आठवीत. साहेबांनी तीन महिन्यांच्या बोलीवर घेतलं. हात बसला तर पुढे, नाहीतर रामराम. मला टेबल मिळालं ते तुमच्या शेजारचं.

"कुटला तू?" तुम्ही विचारलंत.

"फलटणकडचा."

"म्हंजे मासे खात नाय."

"खातो की."

"बगू."

एवढीच मुलाखत. दुपारी तुमच्या डब्यातली तांदळाची भाकरी आणि वर जवळ्याची, त्या बारक्या सुक्या कोलंबीची, चटणी माझ्या झाकणात येऊन पडली. मी खाल्ली, डोळ्यांतून पाणी आलं, तुम्ही समाधानाने मान डोलावलीत आणि त्या दिवसापासून मी भाऊ झालो.

तुम्ही सगळ्यांना 'तू' म्हणायचात. साहेबांनाही. "साहेब, तू जेवलास का?" पहिल्यांदा ते दचकले होते म्हणे. मी आलो तोवर ते निमूट "हो ताई, जेवलो" म्हणायला शिकले होते.

मराठी टायपिंग तुम्ही मला शिकवलंत. की-बोर्डवर मराठी अक्षरं नव्हतीच. मी एच दाबून 'ह' शोधायचो आणि पडद्यावर 'प' उमटायचा. हिराबाईची पिराबाई झाली की तुम्ही पदर तोंडाला लावायचात. मी वैतागून अक्षरांच्या चिकटपट्ट्या करून आणल्या, तर दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही त्या नखाने सोलून काढलेल्या. "डोल्यांना शिकवू नको, भाऊ. बोटांना शिकव." जेवणाच्या सुट्टीत माझ्या हातांवर वर्तमानपत्र पसरायचात आणि भाकरी खात खात तुमच्या दिवाळे गावातल्या बायकांची नावं सांगायचात. मी कागदाखाली आंधळ्यासारखा चाचपडत टाइप करायचो. कागद काढला की पडद्यावर निम्म्या गावाचं बारसं नव्याने झालेलं असायचं. तुम्ही मोठ्याने वाचून दाखवायचात. बाहेरच्या खोलीतली माणसं हसायची. मला राग यायचा, मग मीही हसायचो.

तीन महिन्यांच्या आत माझा हात बसला. साहेबांनी नेमणुकीचा कागद दिला, तो मी घरी नेण्याआधी तुम्हाला दाखवला. तुम्ही वाचलात, त्यातली एक वेलांटी चुकलेली काढून दिलीत आणि म्हणालात, "आता मलाच शिकवशील तू."

शिकवायला लागलोच. तिथेच आपलं भांडण सुरू झालं.

स्मरणिका वाचणाऱ्यांना समजावं म्हणून थोडं सांगतो. आपली छपाई रबाळ्याच्या प्रेसमध्ये व्हायची. तिथला कॉम्प्युटर जुना. त्याला फक्त मोठी, वाकणारी फ्लॉपी चालायची, आणि आपली मराठी अक्षरं त्याच्यात नव्हती. म्हणून आपण एकेक पान छपाईला तयार अशी फाइल करून पाठवायचो, अक्षरांच्या आकारांसकट. त्यामुळे फाइल अशी फुगायची की दोन-तीन पानांत फ्लॉपी भरायची. तुम्ही फ्लॉप्यांची चवड कापडी पिशवीत घालून बेलापूरहून बसने रबाळ्याला जायचात, आणि प्रेसमधले मोरे दर वेळी विचारायचे, "ताई, आज किती पत्ते वाटणार?"

मी म्हटलं, फाइली आवळून पाठवू. तसे प्रोग्रॅम मिळतात. एका ओळखीच्याकडून तीन आणले, आठवडाभर प्रत्येकावर तीच पानं आवळून पाहिली आणि कोण किती लहान करतो ते एका पुठ्ठ्यावर लिहून भिंतीला लावलं. मला त्या पुठ्ठ्याचा केवढा अभिमान! आयुष्यात पहिल्यांदा मी काहीतरी निवडत होतो. कारखान्यात दुसऱ्याने निवडलेल्या वस्तूंची नुसती कार्डं भरली होती.

तुम्ही पुठ्ठ्यासमोर उभ्या राहिलात. "भाऊ, बोंबील सुकवला की लहान व्हतो. मग पान्यात घातला तरी ताजा व्हत नाय. तुजी फाईल परत तशीच कशी व्हते?"

"होते," मी म्हणालो.

"पन कशी?"

दोन दिवस मी ते पुस्तिकांतून शोधलं, कारण तुम्ही दोन दिवस विचारणं सोडलं नाहीत. शेवटी सापडलं तसं सांगितलं, की जे पुन्हा पुन्हा येतं ते एकदाच लिहायचं आणि बाकी ठिकाणी खूण करायची. तुमचा चेहरा एकदम उजळला. "म्हंजे रजिस्टरात वरचंच गाव खाली आलं की आपन दोन टिकल्या मारतो, तसं!" अगदी तसंच, ताई. आजही कुणी विचारलं तर मी तुमच्या टिकल्यांनीच समजावतो आणि त्यांना ते पुस्तिकेपेक्षा लवकर कळतं.

तीनपैकी दोन उरले. झिप आणि एआरजे. झिप मोऱ्यांकडे आधीपासून होता, त्यांच्या हातातला होता. एआरजे किंचित जास्त आवळायचा आणि मोठं काम फ्लॉप्यांमध्ये वाटून घ्यायचा. मला एआरजे हवा होता. तुम्हाला झिप.

"झिपला एक फ्लॉपी जास्त लागते, ताई."

"मग लागंल. पिशवी माज्या खांद्यावर हाय, तुज्या नाय."

"पण हा चांगला आहे."

"चांगला तुज्या मशीनवर. उगडायचंय कोनाला? मोऱ्यांना. त्यांच्याकडं काय हाय ते आदी बग."

मी म्हटलं, मोऱ्यांना काही शिकावं लागणार नाही, मी त्यांच्यासाठी एक छोटी फाइल करून देतो. तिचं नाव टाइप केलं की सगळं आपोआप उघडेल आणि प्रिंटरवर जाईल. तुम्ही खांदे उडवलेत. झिप असता तर मोरे स्वतःच्या हाताने उघडत बसले असते आणि काही वेडंवाकडं दिसलं तर त्यांनी फोन केला असता, हे मला फार उशिरा कळलं. तुम्ही ते शब्दांत सांगितलं नव्हतंत, पण म्हणायचं तेच होतं.

दुसरं भांडण नावांवरून. मासळी बाजाराचं काम आलं तेव्हाचं. नवीन बाजारात मासे विकणाऱ्या बायकांना ओटे मिळणार होते, आणि ज्या कार्यालयाचं ते काम होतं त्यांनी यादी करायला आपल्याला दिली. दिवाळ्याची सहा पानं, सारसोळे गावाची चार. यादीतल्या क्रमाने ओटे. आधी दिवाळं, मग सारसोळं. म्हणजे रस्त्याकडचे पुढचे ओटे दिवाळ्याच्या बायकांचे, तुमच्या बायकांचे. तुमची जाऊ हौसाबाई पहिल्याच पानावर.

मी मशीनमध्ये दोन खण केले, एक दिवाळ्याचा, एक सारसोळ्याचा. त्यांना डिरेक्टरी म्हणतात. दोन्हींतल्या पानांना सारखीच नावं दिली: पान एक, पान दोन, पान तीन. नीटनेटकं. तुम्ही मागे उभ्या राहून पाहत होतात.

"नावात गाव घाल, भाऊ."

"गाव खणाला दिलंय की."

"खन कशाला? नावात घाल. आमी टेंपोतून वाशीला पाट्या नेतो ना, सगल्या बायांच्या पाट्या सारख्या. मग परतेकीची कडीला आपली चिंदी. कोनाची लाल, कोनाची पिवली. तू म्हनशील, माजी पाटी टेंपोत डाव्या बाजूला हाय. उतरवनारा डावं-उजवं बगतो का? तो खाली टाकतो. खाली आल्यावर चिंदीच बोलते."

मी हसलो. "ताई, हा टेंपो नाही, कॉम्प्युटर आहे."

त्या हसण्याची मला आजही लाज वाटते. खोटं बोललो ते घाबरून बोललो. हसलो मात्र मनापासून, तुम्हाला काय कळतंय म्हणून हसलो. ज्या बाईने मला क-ख-ग शिकवलं तिला.

आता ती चूक. मोऱ्यांसाठी केलेल्या फाइलमध्ये उघडण्याचा हुकूम मी असा दिला होता की सगळी पानं खणांशिवाय, एकाच जागी बाहेर यावीत, म्हणजे प्रिंटरला पाठवणं सोपं. लहान कामांना तो चालून गेला होता. अशा वेळी एकाच नावाची दोन पानं आली तर प्रोग्रॅम थांबून विचारतो: या नावाची फाइल आहे, तिच्यावर ही लिहू का? पण एका जुन्या कामाच्या वेळी मोऱ्यांचा फोन आला होता. "जगताप, तुमचा डबा सारखा काहीतरी विचारतोय. काय दाबू? वाय दाबू का एन दाबू? माझ्या डोक्याला ताप झालाय." म्हणून मी हुकमात एक अक्षर वाढवलं होतं. सगळ्या प्रश्नांना आधीच 'हो'. प्रोग्रॅम विचारणार होता, ताई. मी त्याचं तोंड बंद करून ठेवलं होतं.

दिवाळ्याची सहा पानं बाहेर आली. मग सारसोळ्याची चार आली आणि त्याच नावांच्या दिवाळ्याच्या पहिल्या चार पानांवर जाऊन बसली. छापून निघाली सहा पानं. वर सारसोळं एक ते चार, खाली दिवाळं पाच आणि सहा. पानांचे आकडे इतके सरळ लागले की मोऱ्यांना शंका आली नाही, कार्यालयातही नाही. यादी फळ्यावर लागली.

तिसऱ्या दिवशी दिवाळ्याच्या बायका कार्यालयात जाऊन उभ्या राहिल्या. तिथून साहेबांना फोन आला. साहेब तडक तुमच्या-माझ्या टेबलांशी आले. काम हातचं जाणार होतं, पुढची कामंही जाणार होती. "चार पानं गेली कुठे? कुणी केलं हे?"

मी उभा राहिलो. हुकमातलं ते अक्षर मला डोळ्यांसमोर दिसत होतं. रबाळ्याच्या गेटवरचं टाळंही दिसत होतं. आणि तुमची पिशवी खुंटीवर होती. मोऱ्यांच्या बायकोसाठी तुम्ही जवळ्याची पुडी नेली होतीत, फ्लॉप्या नेल्यात त्या सकाळी तुम्ही मलाच ती दाखवली होतीत, एक चिमूट मी तोंडातही टाकली होती. मग मी ते वाक्य बोललो.

तुम्ही दारात होतात, हातात रजिस्टर. तुम्ही माझ्याकडे पाहिलं नाहीत. साहेबांना म्हणालात, "साहेब, जवला सुका व्हता."

"ताई, वास तर येतोच ना," साहेब म्हणाले.

साहेब, हे तुम्ही वाचत असाल तर तुम्हाला बोल लावत नाही. ते तुमच्या तोंडून इतकं सहज गेलं कारण मी वाटच तशी करून दिली होती. मासळीचा वास, कोळणीची पिशवी, कॉम्प्युटर. दुसरं काही शोधावंसं कुणालाच वाटणार नाही हे मला माहीत होतं. देशावरचा मी, त्यांच्या ताटातलं खाऊन, तेवढंच नेमकं वापरलं.

ठरलं असं की यापुढे फ्लॉप्या ताई नेणार नाहीत, आणि काही दिवस मशीनवरही बसणार नाहीत, वाचून तपासायचं काम करतील. ते काही दिवस कधीच संपले नाहीत.

दुसऱ्या दिवशी मोऱ्यांनी फ्लॉप्या परत पाठवल्या. साहेब जेवायला गेले होते. तुम्ही माझ्या खुर्चीवर येऊन बसलात, फ्लॉपी घातलीत आणि आत काय काय आहे याची यादी पडद्यावर मागितलीत. मी शिकवलेलाच हुकूम तो. दिवाळं, पान एक ते सहा. सारसोळं, पान एक ते चार. सगळं जागच्या जागी.

"भाऊ, बग. दोनी गावं हायत."

मी पाहिलं. मला वाटलं आता तुम्ही ओरडाल, निदान विचाराल. तुम्ही फ्लॉपी काढलीत, पाकिटात घातलीत, माझ्या टेबलावर ठेवलीत. "चाय सांगते," म्हणालात आणि उठलात.

पुरवणी यादी करायची ठरली. तुम्ही वाचायचं, मी टाइप करायचं. दिवाळ्याची पहिली चार पानं पुन्हा. हौसाबाई. बारकूबाई. चांगूबाई. तुमचा आवाज अगदी जेवणाच्या सुट्टीतला, कागदाखाली टाइप करताना असायचा तसा. माझी बोटं आता एकही अक्षर चुकत नव्हती, तीही तुमच्यामुळेच. या खेपेला फाइलच्या नावात मी गाव घातलं. तुम्ही पडद्याकडे पाहिलंत. "बरं केलंस." त्यात टोमणा असता तर मला हलकं वाटलं असतं. टोमणा नव्हता.

पुरवणी यादी ती पुरवणीच. कार्यालयाने तिला शेवटचे नंबर दिले. दिवाळ्याच्या त्या चार पानांवरच्या बायकांना मागची रांग मिळाली, गटाराच्या बाजूची. गिऱ्हाईक पुढूनच पिशवी भरून जातं. गावात बोललं गेलं की लीलाने स्वतःच्याच बायांना मागे टाकलं. तुम्ही गावातही काही बोलला नाहीत.

तुम्ही का गप्प बसलात, हे मी स्वतःला खूप दिवस विचारलं. भीती होती की एखाद्या दिवशी बोलाल. मग भीती गेली आणि तिच्या जागी जे आलं ते भीतीपेक्षा वाईट होतं. तुम्ही पूर्वीसारख्याच वागत होतात. डबा उघडला की चटणी झाकणात. मुलगी दहावीला बसली तर परीक्षेच्या आदल्या दिवशी घरी येऊन तिला दही-साखर देऊन गेलात. माझ्या बायकोशी तुमची मैत्री माझ्यापेक्षा जुनी असल्यासारखी झाली.

माझ्याजवळ आज जे आहे त्यातलं बरंचसं तुमचं आहे, हे मी इथे लिहून ठेवतो. नोकरी आहे. नव्या लोकांना मी शिकवतो, आणि त्यांच्या की-बोर्डवरच्या पट्ट्या सोलतो. मुलगी आता स्वतः टाइप करते, न बघता, माझ्याहून वेगाने. कुणी फाइल पाठवायला आलं की मी आधी विचारतो: समोर कुठलं मशीन आहे, त्यांच्याकडे काय उघडतं? लहान किती होते ते नंतर. गिऱ्हाइकांना वाटतं जगताप मोठा जाणकार. जाणकार तुम्ही होतात. तुम्ही कुठलाही पुठ्ठा भिंतीला लावला नव्हतात.

आणि खरं सांगायचं तर तुमच्यासारखं मला कुणी वागवलं नाही. बेचाळीस वर्षांच्या माणसाला कोण असं बसवून शिकवतं? चुकला की हसायचं आणि जमलं की वेलांटी काढून दाखवायची. कारखाना बंद पडल्यावर मी घरी वर्तमानपत्रामागे तोंड लपवून बसायचो. तुम्ही तेच वर्तमानपत्र माझ्या हातांवर पसरलंत. तो कागद उचलताना आत काय निघेल याची उत्सुकता मला रोज वाटायची. बरीच वर्षं मला कशाचीच उत्सुकता वाटली नव्हती.

गेल्या महिन्यात तुम्हाला बघायला दिवाळ्याला आलो. तुम्ही पडवीत खाटेवर होतात, आवाज बारीक झालेला. बाहेर काठ्यांवर बोंबील वाळत होते. मी घरून ठरवून निघालो होतो. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हटलं, "ताई, त्या यादीचं..."

"मला नको सांगू."

"नाही, ऐका तर..."

"मला म्हायती हाय रे. पयल्या दिवसापासून म्हायती हाय. मला सांगून तुज्या जिवाला बरं वाटंल. मग?"

"तेव्हाच का बोलला नाहीत?"

"तुला काडला असता साहेबानं. तीन महिने डोकं खाल्लंस माजं, ते सगलं पान्यात गेलं असतं." हसताना तुम्हाला खोकला आला. मी पाणी दिलं. घोट घेऊन तुम्ही डोळे मिटलेत. मला वाटलं झोप लागली. मग डोळे न उघडताच म्हणालात, "हौसा अजून मागंच बसते. तिला वाटतं माज्या हातनं झालं. बोलत नाय, पन वाटतं तिला. तिला सांग. बायांना सांग."

मी म्हटलं, सांगतो.

"कदी?"

"सांगतो, ताई."

तुम्ही डोळे उघडून माझ्याकडे पाहिलंत. आपल्या ओळखीत पहिल्यांदाच तुमच्या नजरेत मला हिशोब विचारल्यासारखं दिसलं. मग तुम्ही विषय बदललात. सेंटरमध्ये नवीन मशीन आलं का, त्याला ती मोठी फ्लॉपी चालते का, मोऱ्यांची बायको कशी आहे.

तुमच्या बाराव्याला मी आलो होतो. मांडवात शेवटच्या खुर्चीवर बसलो. हौसाबाई स्वतः चहा घेऊन आल्या. मी कोण ते त्यांना ठाऊक होतं. म्हणाल्या, "तुमीच ना कॉम्प्युटरवाले भाऊ? ताई लय सांगायची तुमचं. भाऊला मी शिकवलं म्हनायची." त्या टेकल्या शेजारी जराशा. "तिच्या हातनं ती एक चूक झाली बगा बाजाराची. आमी मागं गेलो. पन जाऊ दे. मानूस सोन्याचं होतं. आमी कदी तोंडावर बोललो नाय तिला."

माझ्या हातात कप होता. बोलायला एवढी सोपी जागा पुन्हा मिळणार नव्हती. त्यांनीच विषय काढला होता, आजूबाजूला त्याच चार पानांवरच्या बायका बसल्या होत्या. मी म्हणालो, "हो, ताई सोन्याच्या होत्या." चहा संपवला आणि निघालो.

म्हणून लिहायला बसलो, ताई. साहेबांना हा कागद उद्या देतो. त्यांना जे करायचं ते करतील, आणि ते रास्तच असेल. पण लिहिलं म्हणजे सांगितलं असं मी समजत नाही. स्मरणिका सेंटरच्या गिऱ्हाइकांना वाटली जाईल. मागच्या रांगेतल्या बायकांपैकी बऱ्याचजणींना वाचता येत नाही. ज्यांना येतं त्यांच्या हाती ती पडणार नाही. मी छापून मोकळा होईन आणि तुमच्यावरचा बोल बाजारात तसाच राहील.

बाजार सकाळी भरतो. सेंटरवरून चालत जाता येतं. हौसाबाईंच्या आणि त्या चार पानांवरच्या प्रत्येक बाईच्या ओट्यासमोर उभं राहून, ती चूक लीलाताईंची नव्हती, माझी होती आणि मी खोटं बोललो, हे माझ्या तोंडाने सांगण्याचं देणं मी तुम्हाला लागतो. आज हे लिहीपर्यंत मी ते केलेलं नाही.